एकच डाय, दोन बहिणी: एकीच्या अंगावर उठतं, दुसरीच्या नाही, असं का?

माघात माझ्या भाच्याची मुंज होती. आदल्या रविवारी आई आणि मावशी आमच्या गिरगावच्या खोलीत केस रंगवायला बसल्या. एकच पाकीट, एकाच वाटीत कालवलेला डाय, एकच ब्रश. आधी आईने मावशीचे केस रंगवले, मग मावशीने आईचे. सोमवारी दोघी भुलेश्वरला जाऊन मुंजीचं उरलेलं सामान घेऊन आल्या. मंगळवारी सकाळी मावशीला डावा डोळा उघडेना. कपाळ सुजलं होतं, कानांमागे बारीक फोड येऊन पाणी झिरपत होतं आणि मानेपर्यंत सगळं लालभडक झालं होतं. आईच्या अंगावर मात्र साधा डागही नव्हता.

मुंजीत जो तो आपापलं निदान सांगत होता. डाय डुप्लिकेट असणार. अंगातली उष्णता बाहेर पडली. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे ‘तिची कातडीच मुळात नाजूक’.

यातलं शेवटचं मला पटेना. दर मे महिन्यात ओठांवर पुरळ उठतं ते आईच्या, मावशीच्या नाही. आंब्याच्या देठाचा चीक जरा लागला की आईचं तोंड चार दिवस चुरचुरतं. मावशी लहानपणी वेंगुर्ल्याला आजोळी झाडावर बसून कैऱ्या दातांनी सोलून खायची आणि तिला कधी काही झालं नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे हाच डाय मावशी अकरा वर्षं लावत होती. मग नाजूक कातडी नक्की कुणाची? आणि अकरा वर्षं चाललेली वस्तू बाराव्या वर्षी का चालली नाही?

या प्रश्नांचं बरंचसं उत्तर प्रयोगशाळेतल्या गिनीपिगांनी आणि उंदरांनी दिलं आहे. ते आपल्या घरापर्यंत फारसं पोहोचलेलं नाही, म्हणून हा लेख.

भाजणं वेगळं, ॲलर्जी वेगळी

आधी एक गल्लत दूर करू. टॉयलेट साफ करायचं ॲसिड हातावर सांडलं तर ते कुणाचाही हात भाजतं. तिथे माणूस कोण आहे याला महत्त्व नाही, ॲसिड किती कडक आणि किती वेळ लागलं याला आहे. ॲलर्जीत शंभर जणांना जो पदार्थ काहीच करत नाही, तोच एखाद्याच्या अंगावर उठतो. म्हणजे पदार्थ जितका महत्त्वाचा, तितकंच शरीरही.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे चांगलं माहीत होतं. ‘बिब्बा उततो’ असं म्हणताना ‘सगळ्यांना नाही उतत’ हेही ती सांगायची. बिब्बा भाजतोही आणि ॲलर्जीही आणतो, त्यामुळे तो जरा गुंतागुंतीचा गडी आहे. पण आंबा, काजू, बिब्बा आणि अमेरिकेतली कुप्रसिद्ध पॉयझन आयव्ही ही वेल हे सगळे एकाच कुळातले आणि त्यांच्या चिकातली रसायनंही एकमेकांची भावंडं. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर पुरळ उठायचं, ते नेमकं धोब्याने कॉलरवर बिब्ब्याने खूण केलेल्या जागी. तोच धोबी तशीच खूण आपल्या माणसांच्या कपड्यांवरही करत होता.

धुळवडीचा चेहरा आणि सोसायटीचा वॉचमन

डायमधलं पीपीडी हे रसायन, सिमेंटमधलं क्रोमियम, नकली दागिन्यांतलं निकेल हे सगळे कण इतके बारीक असतात की शरीराची संरक्षक यंत्रणा एरवी त्यांच्याकडे बघणारही नाही. घोटाळा होतो तो हे कण आपल्याच त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतात तेव्हा.

धुळवडीच्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरचे काका रंगाने बरबटून गेटवर आले तर नवा वॉचमन त्यांना अडवतो. माणूस घरचाच, पण चेहरा ओळखू येत नाही. रंग चिकटलेल्या प्रथिनाचंही तसंच होतं. त्वचेतल्या पहारेकरी पेशी ते उचलतात आणि जवळच्या लसिका ग्रंथीत म्हणजे काखेतल्या, मानेतल्या गाठींत नेऊन तिथल्या टी पेशींना दाखवतात. एखाद्या टी पेशीला ते परकं वाटलं की ती आपल्यासारख्या पेशींची फौज वाढवू लागते. याला दहा-पंधरा दिवस लागतात आणि तेवढ्या काळात बाहेर काहीही दिसत नाही. पुढच्या वेळी तोच पदार्थ लागला की ही तयार फौज एक-दोन दिवसांत त्या जागी हजर होते आणि मग सूज, खाज, फोड. रविवारचा डाय मंगळवारी उठला तो या हिशेबाने.

अकरा वर्षांचं कोडंही इथेच सुटतं. वॉचमनने अकरा वेळा सोडलं म्हणून बाराव्या वेळी सोडेलच असं नाही. फौज कधीतरी एकदा तयार होते आणि झाली की सहसा जन्मभर राहते. ‘मी तर नेहमी हेच वापरते’ या वाक्यावर भरवसा ठेवू नका, असं मी आता प्रत्येकीला सांगतो.

न्यूयॉर्कचे गिनीपिग

१९३०च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत कार्ल लँडस्टायनर काम करत होते. रक्तगट शोधल्याबद्दल त्यांना १९३० साली नोबेल मिळालं होतं. ते आणि त्यांचे सहकारी गिनीपिगांच्या कातडीवर साधी रसायनं लावून ॲलर्जी कशी तयार होते ते बघत होते. रसायन तेच, मात्रा तीच, पिंजरे तेच, खाणं तेच. तरी काही गिनीपिगांची कातडी लालबुंद व्हायची आणि काहींना ढिम्म काही व्हायचं नाही.

एरवी असा फरक ‘प्राणी आहेत, कमीजास्त व्हायचंच’ म्हणून सोडून दिला जातो. मेरिल चेस या त्यांच्या तरुण सहकाऱ्याने तो सोडला नाही. जोरात उठणाऱ्या गिनीपिगांची जोडी जोरात उठणाऱ्यांशी लावायची, न उठणाऱ्यांची न उठणाऱ्यांशी, आणि पिलं मोठी झाली की त्यांच्यावर तोच प्रयोग करायचा, असं त्याने पिढ्यान्‌पिढ्या चालवलं. हळूहळू दोन घराणी वेगळी झाली, एक चटकन उठणारं आणि एक दाद न देणारं. १९४१ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. ॲलर्जीची प्रवृत्ती आईबापांकडून पिलांकडे जाते, हे असं कातडीवर स्पष्ट दिसलं.

पुढच्याच वर्षी लँडस्टायनर आणि चेस यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ॲलर्जी असलेल्या गिनीपिगाच्या पेशी काढून दुसऱ्या, कधीच रसायन न लागलेल्या गिनीपिगाला टोचल्या की त्यालाही ती ॲलर्जी येते. नुसत्या रक्ताच्या पाण्याने म्हणजे सीरमने ती येत नव्हती. त्वचेची ही आठवण पेशींत असते हे तेव्हा कळलं. वर सांगितलेली टी पेशींची फौज ती हीच, फक्त तिला हे नाव नंतर मिळालं.

हापूसची कलमं आणि रायवळ

चेसच्या गिनीपिगांत एक अडचण होती. ते सगळे रायवळ होते. रायवळ आंब्याची बाठ लावली तर कुठलं झाड येईल ते सांगता येत नाही. हापूसचं कलम लावलं की मूळ झाडाचाच आंबा येतो. प्रयोगासाठी असे कलमासारखे, एकमेकांच्या हुबेहूब प्रती असलेले प्राणी हवे असतात. प्राण्यांना कलम करता येत नाही, म्हणून सख्ख्या बहीणभावांची जोडी लावत निदान वीस पिढ्या जायचं. तेवढ्यात जवळजवळ सगळे जीन्स म्हणजे जनुकं सारखी होतात. अशा कुळाला इनब्रेड म्हणजे अंतःप्रजनित वाण म्हणतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९०६ पासून गिनीपिगांत हे सुरू केलं होतं. त्यातले दोन वाण टिकले, नंबर २ आणि नंबर १३.

या दोन नंबरांनी मोठं काम केलं. बारूख बेनासेराफ या शास्त्रज्ञाला लहानपणी दमा होता आणि त्यातूनच तो या विषयाकडे वळला. १९६०च्या दशकात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एका ठरावीक कृत्रिम पदार्थाला नंबर २चे गिनीपिग प्रतिसाद देतात आणि नंबर १३चे अजिबात देत नाहीत. हा फरक आईबापांकडून अगदी सरळ हिशेबाने पिलांत उतरतो. कारण सापडलं ते असं: पहारेकरी पेशी परक्या वस्तूचा तुकडा एका ट्रेमध्ये ठेवून टी पेशींना दाखवतात आणि हा ट्रे ज्याचा त्याचा वेगळा असतो. सराफाच्या दुकानात अंगठ्यांच्या ट्रेच्या खाचांत पाटल्या बसत नाहीत, तसंच हे. तुकडा ट्रेमध्ये बसलाच नाही तर टी पेशींना तो दिसणारच नाही. माणसातल्या या ट्रेंना एचएलए म्हणतात. १९८०चं नोबेल बेनासेराफला ज्यां दोसे आणि जॉर्ज स्नेल यांच्यासोबत मिळालं, ते याच विषयासाठी.

सख्ख्या भावंडांतसुद्धा हे ट्रे तंतोतंत जुळण्याची शक्यता चारात एक असते. ‘एका आईच्या पोटच्या, मग एकीलाच कसं?’ असं मुंजीत विचारणाऱ्या काकूंना मी हे सांगायला हवं होतं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो १९६०च्या दशकाच्या अखेरीस धातूंवर झालेला प्रयोग. नंबर २च्या गिनीपिगांना क्रोमियम आणि बेरिलियमची ॲलर्जी आणता आली, पाऱ्याची नाही. नंबर १३च्या बाबतीत नेमकं उलट: पाऱ्याची आली, क्रोमियमची आणि बेरिलियमची नाही.

यातला नाजूक कोण? कुणीच नाही. ‘नाजूक कातडी’ असा सगळ्यालाच लागू होणारा एक गुण असता तर एक वाण सगळ्या धातूंना उठला असता आणि दुसरा कशालाच नाही. तसं झालं नाही. प्रत्येकाचं कुलूप वेगळं आणि त्याला लागणारी किल्ली वेगळी. आईला आंब्याचा चीक आणि मावशीला डाय, हे त्यापेक्षा फार वेगळं नाही.

मुंबईत हा प्रश्न नुसत्या डायचा नाही. ओल्या सिमेंटमध्ये क्रोमियम असतं. जागोजागी टॉवर उभे राहताहेत, तिथे दिवसभर हातांनी माल कालवणाऱ्या गवंड्यांपैकी काहींच्या तळहातांना भेगा पडतात, हात सोलवटतात. त्यांच्या शेजारी तेच काम करणाऱ्याचे हात धड असतात आणि मुकादम म्हणतो, याला कामच करायचं नाही. क्रोमियमनेच कमावलेल्या चामड्याच्या चपलेने पायावर पट्ट्यांच्या आकाराचं पुरळ उठतं, तेही काहींनाच. त्या गवंड्याला कामचुकार म्हणणं अन्यायाचं आहे. त्याचं शरीर नंबर २सारखं वागतंय, एवढंच.

पण उंदराचं माणसाला कसं लागू पडेल?

शंका रास्त आहे, आणि निकेलने तिला जोर दिला आहे. नकली कानातलं, घड्याळाचा पट्टा, जीन्सचं बटण यांतल्या निकेलने माणसांना होणारी ॲलर्जी अतिशय सर्वसाधारण आहे. पण उंदरांना नुसतं निकेल लावून ती सहजी येत नाही. कारण २०१० साली कळलं. आपल्या पेशींवर टीएलआर-४ नावाची एक धोक्याची घंटा असते, खरं तर जिवाणू आले की वाजणारी. माणसातल्या या घंटेवर अशा दोन जागा आहेत की निकेल तिथे थेट चिकटतं आणि घंटा वाजते. उंदराच्या घंटेवर त्या जागा नाहीत. संशोधकांनी उंदरात माणसाची घंटा बसवली, तेव्हा उंदरालाही निकेल बाधू लागलं.

म्हणजे केवळ उंदरावर विसंबलो असतो तर निकेल निर्धोक ठरलं असतं. प्राणी आपल्याला यंत्रणा शिकवतात: फौज कशी बनते, ट्रे कसा असतो, घंटा कुठे असते. अमुक वस्तू अमक्या माणसाला चालेल का, हे त्यांच्याकडून कळत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की जाहिरातीवरचे ‘चाचणी केलेलं’ हे शब्द खरे वाटू लागतात.

म्हणजे सगळं जन्मालाच ठरलेलं?

नाही. याचा उत्तम दाखला जपानमध्ये तयार झालेल्या एनसी/एनजीए या वाणाचा उंदीर आहे. नेहमीच्या साध्या खोलीत वाढवला तर दोनेक महिन्यांचा होता होता त्याच्या तोंडावर, कानांवर, पाठीवर इसबासारखी जखम होते आणि तो सतत खाजवत बसतो. तोच उंदीर, तेच जीन्स, पण रोगजंतू आणि किडे येऊ न देणाऱ्या बंदिस्त खोलीत वाढवला तर कातडी स्वच्छ राहते. हे १९९७ साली प्रसिद्ध झालं. जीन्स फटाका भरून ठेवतात, काडी बाहेरून लागते.

दुसरी गोष्ट त्वचेच्या भिंतीची. २००६ साली असं आढळलं की फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जीनमध्ये बिघाड असलेल्या माणसांना इसब होण्याचा धोका बराच जास्त असतो. फिलॅग्रिन म्हणजे भिंतीचा गिलावा समजा. गिलावा फुटला की पावसाळ्यात ओल आत येते, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. शेपटी खवल्यांची असणाऱ्या एका उंदराच्या वाणात हाच जीन बिघडलेला सापडला, तेव्हा त्याच्या त्वचेचा सगळा दोष फिलॅग्रिनवर गेला. पण त्या उंदरात त्याच्या शेजारी दुसराही एक बिघडलेला जीन होता, आणि आपोआप येणाऱ्या इसबाला तोच कारण असल्याचं २०१३ साली उघड झालं. ‘अमक्या रोगाचा जीन सापडला’ अशी बातमी वाचताना मला हा उंदीर नेहमी आठवतो. चार वर्षं जाणकारांनी शेजाऱ्याचा गुन्हा भलत्याच्या नावावर लावला होता.

मग ‘चाचणी केलेलं’ म्हणजे काय?

रसायनाने ॲलर्जी येते का हे बघायची उंदरांवरची एक प्रमाणित चाचणी ओईसीडी या देशांच्या संघटनेने २००२ साली स्वीकारली. उंदराच्या कानावर तीन दिवस पदार्थ लावायचा आणि जवळच्या लसिका ग्रंथीत पेशी किती वाढल्या ते मोजायचं. यासाठी ठरवलेला उंदीर सीबीए वाणाचा, म्हणजे एकाच जातीचं कलम. ते बरोबरच आहे, कारण रसायनांची आपसात तुलना करायची तर मोजपट्टी एकच हवी. पण अशा मोजपट्टीवरून ‘हे जहाल आहे की सौम्य’ एवढंच कळतं. दादर स्टेशनच्या पुलावरून एका वेळी जाणारी माणसं ही रायवळांची बाग आहे.

भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्यांवर २०१४ साली बंदी आली आणि परदेशात अशी चाचणी केलेली प्रसाधनं आयात करायलाही त्याच वर्षी मनाई झाली. मला हा निर्णय मनापासून योग्य वाटतो. लिपस्टिकसाठी कुणाचे कान का सोलवटावेत? आता पदार्थ प्रथिनाला चिकटतो का, त्वचेच्या पेशी सावध होतात का, हे काचपात्रात बघतात आणि असे दोन-तीन निकाल एकत्र मांडून निष्कर्ष काढतात. ओईसीडीने २०२१ साली त्यालाही मान्यता दिली. पण या चाचण्यांत वापरतात त्या काचपात्रात वाढवलेल्या पेशींचा प्रत्येक वाणही कुणा एकाच माणसाच्या पेशींपासून सुरू झालेला असतो. उंदीर गेला, तरी एकावरून सगळ्यांचं अनुमान काढणं राहिलंच.

म्हणून पाकिटावरच्या सूचनेला पर्याय नाही. पीपीडी असलेल्या डायवर ती छापणं आपल्याकडे नियमानेच बंधनकारक आहे: कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा डाय लावा, २४ तासांनी धुऊन बघा, आणि हे प्रत्येक वेळी करा. ‘प्रत्येक वेळी’ हे शब्द सगळे वाचून सोडून देतात. आमच्याही घरात कुणी ते पाळलं नव्हतं.

रक्त तपासून आधीच कळणार नाही का?

काही औषधांच्या बाबतीत कळतं. एचआयव्हीवरच्या अबाकाव्हिर या औषधाने काहींना गंभीर ॲलर्जी येते आणि ती येणाऱ्यांच्या शरीरात एचएलएचा एक ठरावीक ट्रे असतो, बी*५७:०१. आधी तपासून तो असणाऱ्यांना औषध दिलं नाही, तर ही ॲलर्जी जवळपास नाहीशीच होते, हे २००८ साली मोठ्या चाचणीत दिसलं. फिट्सवरच्या कार्बामाझेपिनमुळे अंगाची कातडी सुटण्यापर्यंत मजल जाते, तिचा संबंध बी*१५:०२ या ट्रेशी आहे आणि तो आशियाई लोकांत अधिक आढळतो. नंबर २ आणि नंबर १३पासून निघालेली वाट अशी थेट दवाखान्याच्या टेबलापर्यंत आली आहे.

डाय, निकेल, सिमेंट यांच्यासाठी अशी रक्ततपासणी नाही. तिथे एकाच जीनवर खेळ ठरत नाही, आणि फौज आधीच तयार झाली आहे का हे जीन्स बघून कळत नाही. त्याला पॅच टेस्टच लागते.

मुंजीनंतर दीड महिन्याने, सगळं बरं झाल्यावर, परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयात मी मावशीला घेऊन गेलो. तिच्या पाठीवर चिकटपट्ट्यांच्या रांगा लावल्या, प्रत्येक पट्टीत रसायनाचा एक ठिपका. दोन दिवस पाठ ओली करायची नाही, म्हणून ती बिचारी चैत्राच्या घामात पंख्याखाली बसून राहिली. पट्ट्या काढल्या तेव्हा पेनाने आखलेल्या चौकोनांपैकी एकच उठला होता, पाच रुपयांच्या नाण्याएवढा, लाल आणि बारीक फोडांनी भरलेला. पीपीडीचा. बाकीची पाठ कोरी होती. आणखी दोन दिवसांनी पुन्हा तपासलं, तरी तेवढाच.

डॉक्टरांनी एका कार्डावर मराठीत लिहून दिलं: केसांचा डाय नको, लग्नात हातावर काढतात ती काळी मेंदी नको, कारण तिच्यातही बरेचदा पीपीडी मिसळलेलं असतं. साधी पाल्याची मेंदी चालेल. मावशीने विचारलं, “आंबे?” डॉक्टर म्हणाले, “आजी, खुशाल खा.” ते कार्ड आता तिच्या पाकिटात रेल्वेच्या पासामागे असतं. यंदा लोणच्याच्या कैऱ्या तिनेच चिरल्या, आणि आई हातात मोहरीची वाटी घेऊन दोन हात लांब बसली होती.